फुलदाणीत तोंड घालणारी ठकी

प्रश्न : आम्ही साताऱ्यात मंगळवार पेठेत राहतो. घरात मी, यजमान, सासूबाई आणि ठकी नावाची चार वर्षांची मांजर आहे. तिचे वजन चार किलोच्या आसपास असून नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली आहे. खायला पिशवीतले कोरडे खाद्य असते. मला फुलांची हौस असल्याने दिवाणखान्यातील टेबलावर जरबेरा किंवा ग्लॅडिओलसची फुलदाणी बाराही महिने असते. ठकी स्वयंपाकघरात खाद्याशेजारी ठेवलेल्या स्टीलच्या वाटीतील स्वच्छ पाण्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि फुलदाणीतले शिळे पाणी मात्र आवडीने पिते. देवघरातल्या ताम्हनातही तिचे तोंड जाते, त्यावरून सासूबाई नाराज असतात. मी तिला रागावून पाहिले, अंगावर पाणी शिंपडून पाहिले. शेजारच्या काकूंनी फुलदाणीच्या काठाला मिरचीपूड लावायला सांगितली आहे. उन्हाळा सुरू झाल्यापासून ती पाणी जास्त पिते, असेही वाटते. पुढच्या महिन्यात सासूबाईंचे सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यामुळे घरात पुष्पगुच्छांची रीघ लागेल. फुलदाणीतले पाणी तिला बाधेल का आणि ही सवय मोडावी कशी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपण सवय मोडण्याचा उपाय विचारला आहे आणि तो पुढे सविस्तर लिहितोच. परंतु पत्रातील सहस्रचंद्रदर्शनाचा उल्लेख वाचून मला पहिली काळजी वाटली ती पुष्पगुच्छांची. जरबेऱ्याच्या फुलदाणीतील चार घोट पाण्याने धडधाकट मांजराचे सहसा काही बिघडत नाही. लिलीच्या फुलदाणीतील पाण्याने मात्र मांजर दगावू शकते. हल्लीच्या मोठ्या पुष्पगुच्छांत मधोमध जी मोठी, सुगंधी, सहा पाकळ्यांची गुलाबी, पांढरी, पिवळी किंवा केशरी फुले असतात आणि ज्यांचे तपकिरी पराग हाताला व कपड्यांना लागले की निघता निघत नाहीत, ती खरी लिली होय. या फुलाच्या पाकळ्या, पाने, देठ, पराग आणि देठ बुडवलेले पाणी, हे सगळेच मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असते. अंगावर पडलेले पराग मांजराने चाटून स्वच्छ केले, तरी तेवढे पुरते.

विषबाधा झालेले मांजर पहिल्या काही तासांत उलट्या करते, लाळ गाळते, खाणे सोडते आणि कोपऱ्यात बसून राहते. नंतर उलट्या थांबतात आणि घरच्यांना वाटते की पोट बिघडले होते, आता बरे झाले. प्रत्यक्षात याच काळात मूत्रपिंडे निकामी होत असतात आणि एक ते तीन दिवसांत लघवी होणेच बंद होऊ शकते. या विषावर उतारा नाही. उपचार म्हणजे शिरेतून सलाईन देऊन मूत्रपिंडांचे काम चालू ठेवणे, आणि ते साधारण अठरा तासांच्या आत सुरू झाले तर मांजर वाचण्याची आशा चांगली असते. म्हणून ठकीने लिलीचे पाणी प्यायल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. फुलाचे छायाचित्र काढावे आणि तिला थेट पशुवैद्यांकडे न्यावे. मीठ-पाणी पाजून घरी उलटी करवण्याचा प्रयत्न कोणी सुचवला तर तो मुळीच करू नये, कारण मिठाचा तेवढा भार मांजराला स्वतंत्रपणे घातक ठरतो. दूध पाजल्यानेही विष उतरत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हारवाल्यांकडे लिली म्हणून ज्या लांबट पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या मिळतात, त्या वेगळ्या कुळातील आहेत. त्या खाल्ल्याने उलट्या आणि जुलाब होऊ शकतात, पण वर सांगितलेला मूत्रपिंडांचा धोका त्यांच्यात नसतो. पुष्पगुच्छातील मोठी लिली आणि या कळ्या यांत घरातल्या माणसांची गल्लत होऊ देऊ नये. विशेषतः “आपण तर लिलीचे हार नेहमी आणतो, कुठे काय झाले” असे म्हणणारे कोणी ना कोणी प्रत्येक घरात असतेच.

आता आपल्या नेहमीच्या फुलांविषयी. जरबेरा, गुलाब, सूर्यफूल आणि मोगरा ही फुले मांजरासाठी विषारी मानली जात नाहीत. ग्लॅडिओलस मात्र त्या यादीत बसत नाही. त्याने लाळ गळणे, उलट्या, जुलाब असा त्रास होऊ शकतो आणि त्याचा कंद तर अधिक तीव्र असतो. शेवंतीचेही तसेच आहे. ही दोन्ही फुले जीवघेणी नसली, तरी ज्या घरात मांजर फुलदाणीत तोंड घालते, त्या घरात ती टेबलावर नसलेलीच बरी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण ग्लॅडिओलसऐवजी गुलाब किंवा जरबेरा आणावा. दिवाणखान्यात काचेच्या बाटलीत पाण्यावर वाढवलेला मनी प्लांट असल्यास त्याकडेही लक्ष द्यावे. त्याच्या पानांत आणि देठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ज्यांमुळे पान चावणाऱ्या मांजराच्या तोंडाची आग होते. त्याच्या बाटलीचे तोंड अरुंद असले, तर प्रश्न फक्त पानांपुरताच उरतो.

देवपूजेसाठी कण्हेरीची फुले येत असतील, मग ती लाल असोत, पांढरी असोत किंवा पिवळी, तर त्यांच्या बाबतीत लिलीइतकीच सावधगिरी हवी. कण्हेरीतील विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते आणि ती फुले किंवा डहाळी ज्या पाण्यात ठेवली, ते पाणीही विषारी होते. सासूबाईंची ताम्हनाबद्दलची नाराजी सोवळ्याओवळ्यातून आलेली असेल. तरी ठकीच्या जिवाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांचे म्हणणे अगदी रास्त आहे, हे त्यांना जरूर सांगावे. पूजा झाल्यावर ताम्हनातील पाणी लगेच तुळशीत ओतणे, कलशावर नारळ नसेल तेव्हा झाकण ठेवणे आणि फुलांची परडी देवघराच्या कपाटात बंद करणे, एवढ्याने देवघराचा प्रश्न सुटतो.

फूल निर्विष असले म्हणजे त्याचे पाणी निर्धोक असते असेही नाही. फुलांसोबत पुडीतून जी पूड येते तिच्यात साखर, आम्ल आणि जंतुनाशक असते. अल्प प्रमाणात ती फारशी घातक नसली, तरी पोट बिघडवते. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे फुले टिकावीत म्हणून पाण्यात ॲस्पिरिनची गोळी टाकण्याची पद्धत. माणसाचे यकृत ज्या प्रक्रियेने ॲस्पिरिनचा निचरा करते, ती मांजरात फारच दुबळी असते, त्यामुळे पोटात गेलेल्या ॲस्पिरिनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायलाच एक ते दोन दिवस लागू शकतात आणि रोजच्या थोड्या थोड्या घोटांतून ते साठत जाते. आपल्याकडे ही पद्धत असल्यास ती आजच बंद करावी. पॉलिहाऊसमधील फुलांवर कीडनाशकांच्या फवारण्या झालेल्या असतात, म्हणून फुले घरी आणल्यावर देठ व पाने वाहत्या नळाखाली धुवून, पाण्यात बुडतील अशी सगळी पाने काढून टाकावीत. असे केल्याने पाणीही लवकर कुजत नाही. फुलदाणीचे पाणी रोज किंवा निदान एक दिवसाआड बदलावे. आरोग्य खात्याचे कर्मचारी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात आणि त्यात फुलदाणीचे नाव आवर्जून घेतात, ते डेंग्यूच्या डासाची अंडी साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत पूर्ण डास होतात म्हणून. मांजरामुळे आपल्या घरी कोरडा दिवस अधिक वेळा येईल, इतकेच.

आपल्या पत्रातील एक वाक्य मी वेगळे काढून ठेवले आहे, ते म्हणजे “उन्हाळा सुरू झाल्यापासून ती पाणी जास्त पिते, असेही वाटते.” याचे कारण बहुधा उन्हाळा आणि कोरडे खाद्य हेच असावे. मांजराचे पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील रुक्ष प्रदेशांतील रानमांजरे होती. त्यांना लागणारे पाणी मुख्यत्वे उंदीर-पाखरांच्या मांसातूनच मिळत असे, कारण अशा भक्ष्यात सुमारे ७० टक्के पाणी असते. त्यामुळे तहान लागली की लगेच पाण्याकडे धावण्याची प्रेरणा मांजरात मुळातच मंद असते, आणि ही उणीव त्याची मूत्रपिंडे लघवी अतिशय घट्ट करून भरून काढतात. पिशवीतल्या कोरड्या खाद्यात पाणी जेमतेम १० टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे ठकीला जे पाणी तिच्या पूर्वजांना जेवणातून मिळाले असते, ते जवळजवळ सगळे प्यावे लागते. या दृष्टीने पाहता ती पाणी पिते ही तक्रारीची नव्हे, चांगली गोष्ट आहे. ती पाणी कुठे पिते, एवढाच आपला प्रश्न आहे.

तरीही “वाटते” एवढ्यावर न थांबता मोजून पाहावे. मांजराला अन्नातील पाणी धरून दिवसाला दर किलो वजनामागे साधारण ५० मिलिलीटर पाणी लागते. ठकीच्या बाबतीत ते २०० मिलिलीटरच्या आसपास येते, आणि उकाड्यात थोडे अधिक. तीन-चार दिवस फुलदाण्या, न्हाणीघरातील बादल्या, गळके नळ, ताम्हन असे सगळे पर्याय बंद करून तिच्या भांड्यांत मोजून पाणी भरावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेले मोजावे. तेवढ्याच पाण्याचे तसेच एक भांडे तिच्या आवाक्याबाहेर कपाटावर ठेवावे. उन्हाने त्यातले जेवढे आटेल तेवढे हिशेबातून वजा करावे, नाहीतर चैत्र-वैशाखात हा हिशेब हमखास चुकतो. आकडा दिवसाला ४०० मिलिलीटरच्या, म्हणजे किलोमागे १०० मिलिलीटरच्या वर जात असेल, तर ते निश्चितच प्रमाणाबाहेर आहे आणि पशुवैद्यांकडे जायला हवे. आकडा त्याहून कमी असला, पण आठवड्यागणिक चढतच असेल, लघवीच्या ट्रेमधील वाळूचे गोळे पूर्वीपेक्षा मोठे होत असतील, किंवा खाणे नीट असूनही वजन उतरत असेल, तरीही जावे. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, मधुमेह आणि, वयस्क मांजरांत, थायरॉइडची वाढलेली क्रिया ही जास्त तहानेची नेहमीची कारणे आहेत. चार वर्षांच्या मांजरात ती कमी आढळतात, एवढाच दिलासा देता येईल. मूत्रपिंडांचा मोठा भाग निकामी झाल्याशिवाय बाहेरून फारसे काही दिसत नाही, म्हणून लघवीचा घट्टपणा आणि रक्तातील क्रिएटिनीन व साखर तपासून घेणे हाच खात्रीचा मार्ग. साताऱ्यातील आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे किंवा जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात प्रथम दाखवावे. अधिक तपासण्यांची गरज पडली तर शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. एक गोष्ट मात्र कधीही करू नये. ती जास्त पिते म्हणून पाणी तोडू नये, कारण तहानेचे मूळ काहीही असले तरी तहानलेल्या मांजराचे पाणी बंद करणे धोक्याचे असते.

आता सवयीकडे वळू. ठकी फुलदाणी का निवडते, याचा विचार तिच्या बाजूने केला तर उपाय आपोआप सापडतो. मांजराच्या पाणी पिण्याच्या रीतीचा बारकाईने अभ्यास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या आणि अन्य संस्थांच्या संशोधकांनी केला होता आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. मांजर जिभेचा पळा करून पाणी उचलत नाही. ते जिभेचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला नुसते टेकवून झटकन वर ओढते, त्याबरोबर पाण्याचा बारीक स्तंभ वर येतो आणि तो खाली कोसळण्याआधी ते तोंड मिटते. पाळीव मांजर सेकंदाला असे सुमारे चार वेळा करते आणि प्रत्येक वेळी तोंडात जेमतेम एक-दशांश मिलिलीटर पाणी जाते. याचा हिशेब केला तर ३० मिलिलीटर, म्हणजे अर्धी वाटीही नव्हे, एवढे पाणी प्यायला ठकीला सव्वा मिनिट मान खाली घालून उभे राहावे लागते. स्वतः शिकार करणारे आणि इतरांची शिकार होऊ शकणारे एवढेसे जनावर इतका वेळ मान खाली घालणार, ते जागा पारखूनच. आपली स्टीलची वाटी स्वयंपाकघरात, बहुधा भिंतीकडे तोंड करून, कुकरच्या शिट्टीच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पायांच्या टप्प्यात असेल. फुलदाणी उंचावर आहे, तेथून दार आणि खिडकी दोन्ही दिसतात, आणि ती काठोकाठ भरलेली असल्याने तोंड खाली खुपसावे लागत नाही.

वाटीचे आणखी दोन दोष आहेत. ती खाद्याशेजारी आहे. खाद्य आणि पाणी एका जागी असणे बऱ्याच मांजरांना रुचत नाही, आणि शिवाय पंजा लागून, तोंडातून सांडून खाद्याचे कण पाण्यात पडून त्याला वास येतो. दुसरे असे की भांडी घासण्याच्या साबणाचा किंवा नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा वास आपल्याला जाणवत नसला, तरी तिला जाणवतो. नळाला कासचे पाणी येवो की शहापूर योजनेचे, ते क्लोरीन घालूनच येते. फुलदाणीतले पाणी रात्रभर उघड्यावर राहिल्याने त्यातील क्लोरीन बरेचसे उडून गेलेले असते. म्हणजे आपण ज्याला शिळे म्हणता, ते पाणी तिच्या नाकाला अधिक शुद्ध लागत असण्याचा संभव आहे!

तेव्हा तिच्याकडून फुलदाणी हिसकावण्याआधी तिला तिची स्वतःची जागा द्यावी. मातीचे पसरट परळ, चिनी मातीचा खोलगट वाडगा किंवा जाड काचेचे रुंद भांडे घ्यावे. तोंड एवढे रुंद असावे की पिताना मिशा कडेला घासणार नाहीत, आणि बूड एवढे जड की पंजा लागून कलंडणार नाही. प्लास्टिकचे भांडे टाळावे. त्याला ओरखडे पडतात, वास धरतो, आणि काही मांजरांना हनुवटीवर पुरळही उठते. तांब्या-पितळेचे भांडेही नको, कारण ते चिंचेने घासावे लागते आणि तो वास आपल्या नाकाला गेला तरी तिच्या नाकाला राहतो. हे भांडे माठातील किंवा रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवलेल्या पाण्याने काठोकाठ भरावे आणि, येथे आपल्याला थोडे मन मोठे करावे लागेल, ते नेमके त्या दिवाणखान्यातील टेबलावर, फुलदाणीच्या जागीच ठेवावे. फुलदाणी तोवर बंद खोलीत राहू द्यावी. ठकी त्या भांड्यातून नियमित पिऊ लागली की मग ते रोज वीतभर सरकवत टेबलाच्या कडेला, तेथून शेजारच्या स्टुलावर आणि शेवटी आपल्याला सोयीच्या अशा उंच, शांत जागी न्यावे. घाई केली आणि ती पुन्हा ताम्हनाकडे वळली, तर भांडे दोन मुक्काम मागे न्यावे. दुसरे एक भांडे सज्जात किंवा जिन्याच्या वळणावर सावलीत ठेवावे. स्वयंपाकघरातील वाटी तेथून हलवली तरी चालेल, फक्त पाणी लघवीच्या ट्रेजवळ कधी ठेवू नये. सगळी भांडी रोज धुवावीत आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून विसळावीत. हे काम घरातल्या एकाच माणसाकडे सोपवलेले बरे, नाहीतर दुसऱ्याने बदलले असेल असे समजून दोन दिवस कोणीच बदलत नाही.

बाजारात विजेवर चालणारी पाण्याची कारंजी मिळतात. काही मांजरांना वाहते पाणी आवडते, काहींना मोटरची घरघर खपत नाही. त्याची गाळणी वेळेवर बदलावी लागते आणि आतला बुळबुळीत थर घासून काढावा लागतो, आणि आपल्याकडे वीज गेली की ते नुसते भांडेच उरते. परळाने काम भागत असताना हा खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. त्याऐवजी तिच्या खाण्यात पाणी वाढवावे. कोरड्या खाद्यात थोडे कोमट पाणी घालून भिजवावे, किंवा दिवसातील एक वेळचे खाणे ओल्या पाकिटबंद खाद्याचे ठेवावे, ज्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते. उन्हाळ्यात भिजवलेले खाद्य अर्ध्या-पाऊण तासाने उचलावे, अन्यथा ते आंबते आणि मुंग्या लागतात. आपल्या घरी सामिष चालत असेल तर कोंबडीचे नुसते उकडलेले पाणी देता येईल, मात्र त्यात मीठ, कांदा, लसूण काहीही असू नये, कारण कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. बशीभर दूध हा पाण्याला पर्याय नाही. वाढलेल्या बहुतेक मांजरांना ते नीट पचत नाही.

यानंतर फुलदाणी परत टेबलावर आणावी, पण वेगळ्या रूपात. बुडाशी जड आणि गळ्याशी अरुंद फुलदाणी निवडावी, म्हणजे देठ आत जातील आणि ठकीचे तोंड जाणार नाही. हौसेने घेतलेली रुंद तोंडाची फुलदाणीच वापरायची असेल, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी चुरगाळून तिच्या तोंडात बसवावी आणि देठ त्या छिद्रांतून खोवावेत. याने फुले हवी तशी उभीही राहतात. नदीकाठचे मोठे, गुळगुळीत गोटे गळ्यापर्यंत भरले, तरी पाणी दगडांच्या खाली राहते आणि फुलदाणी जड होते. पाणी काठापासून चांगले चार बोटे खाली असावे. पुष्पगुच्छांत येणारा हिरवा स्पंज पाणी लपवतो खरा, पण मांजरे तो कुरतडतात, म्हणून तो ठकीच्या घरात नको. दिवाळीला पसरट उरुळीत पाणी भरून पाकळ्या आणि तरंगते दिवे सोडण्याची जी रीत पडली आहे, तिच्यावर मात्र इलाज नाही. ती ठकीसाठी मांडलेली पाणपोईच आहे, शिवाय वर पेटती वात, तेव्हा उरुळी बंद दाराआडच शोभेल.

मिरचीपूड लावू नये, हे काकूंचा मान राखून सांगतो. ती काठावरून मिशांना, मिशांवरून पंजाला आणि पंजावरून डोळ्यांत जाते, आणि ठकीला त्या वेदनेचा फुलदाणीशी संबंध कळेलच असे नाही. डांबरगोळ्या, निलगिरीचे किंवा सिट्रोनेलाचे तेल, फिनेल हे सर्व तर मांजराला विषच आहे. तिखट वासाची तेले तिच्या पायांना लागून चाटण्यात जातात आणि यकृताला त्यांचा निचरा करता येत नाही. पाणी शिंपडण्याचा उपाय आपण करून पाहिलाच आहे. त्यातून ती एवढेच शिकते की आपण खोलीत असताना फुलदाणीजवळ जायचे नाही. रात्री सगळे झोपले की तिला रान मोकळे असते. टेबलावर मुळीच चढू द्यायचे नसेल, तर कडेला दोन्ही बाजूंनी चिकट असणारी पट्टी काही दिवस लावून ठेवावी. पंजाला चिकट लागलेले मांजरांना आवडत नाही आणि त्यात इजा काही नसते. परंतु उंच जागी बसण्याची तिची गरज तशीच राहते, म्हणून त्याच खोलीत तिच्यासाठी एखादे स्टूल किंवा फळी मोकळी ठेवल्याशिवाय ही पट्टी लावणे मला न्याय्य वाटत नाही.

आता सहस्रचंद्रदर्शनाचा दिवस. निमंत्रण पत्रिका अजून छापायची असेल, तर पुष्पगुच्छ न आणण्याची विनंती तिच्यात घालावी. तरीही लोक आणतातच, आणि यजमानीणबाईंच्या हाती आलेला गुच्छ कोणी परत करू शकत नाही. म्हणून जबाबदार अशा एका भाच्याला किंवा पुतणीला दाराजवळ उभे करावे, लिली असलेले गुच्छ लगेच बाजूला काढायला सांगावेत आणि कार्य संपताच ते ज्यांच्या घरी मांजर नाही अशा पाहुण्यांबरोबर पाठवून द्यावेत. गुच्छातील लिलीची फुले काढून बाकीची ठेवणे हा मार्ग पुरेसा नाही, कारण पराग शेजारच्या फुलांवर आणि वेष्टनाच्या कागदावर सांडलेले असतात. ठकीला त्या दिवशी सकाळपासून आतल्या खोलीत तिचे परळ, खाद्य आणि ट्रे यांसह ठेवावे आणि दाराला बाहेरून चिठ्ठी लावावी, नाहीतर पाहुण्यांची मुले मांजर पाहायला म्हणून दार उघडतात. गर्दीत नेहमीच्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक शोधायची वेळ येऊ नये, म्हणून तो आधीच घरातील दोघांच्या फोनमध्ये असावा, आणि त्या दिवशी रात्री त्यांच्याकडे सोय आहे का, हेही विचारून ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल, सतरंज्या आणि फरशी ओल्या फडक्याने पुसून, ते फडके धुवून झाल्यावरच खोलीचे दार उघडावे. केर झाडूने काढू नये, त्याने पराग उडून पडद्यांवर बसतात.